पाव मिलिमीटरचं भांडण

उन्हाळ्यात सकाळी दहा वाजले की मिस्त्री माप घेणं बंद करत. गॅरेजचा पत्रा तापायला लागला की फिलर गेज फडक्यात गुंडाळायचं, शर्टाच्या खिशात घालायचं आणि मग दिवसभर दुसरी कामं करायची. कोणी विचारलं तर म्हणत, "लोखंड फुगते. फुगल्या लोखंडाचं माप म्हंजे दारू पिल्या माणसाची साक्ष."

त्यांच्या गॅरेजला लागून माझं लेथचं दुकान. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात, वाशीम रस्त्यावर. ट्रॅक्टरचे हेड घासायचे, शाफ्ट भरून खरादायचे, बुश करून द्यायचे, अशी माझी कामं. आमच्यामध्ये एक विटांची अर्धी भिंत. त्या भिंतीवरून मी त्यांना अकरा वर्षं पाहिलं. गावानं त्यांना वेडा ठरवलं होतं. मला त्याचा राग आजही येतो, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे. तो का, ते पुढे येईलच.

मिस्त्रींचं काम होतं ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स उघडून पुन्हा बांधण्याचं. आमच्याकडे हे काम करणारं दुसरं कोणी नव्हतं. तरुणपणी पुण्याकडे नोकरीत शिकले होते. आताशा डॉक्टर लोक, ठेकेदार लोक अशा गाड्या घ्यायला लागले, जुन्या तर फारच, आणि त्या बिघडल्या की पूर्वी सरळ मोठ्या शहरात जात. मिस्त्री आले तशा त्या मालेगावात थांबायला लागल्या.

अशा गाडीत पायाखाली क्लच नसतो. तो गिअरबॉक्सच्या, म्हणजे पेटीच्या आत असतो. एका डब्यात चकत्या एकावर एक रचलेल्या, एक कागदी अस्तराची, एक लोखंडाची, पुन्हा एक अस्तराची. तेलाचा दाब आला की त्या एकमेकींना घट्ट धरतात आणि गाडी चालते. दाब गेला की त्यांनी सुटं व्हायचं. त्या सुट्या असताना वरच्या चकतीच्या आणि तिला अडवणाऱ्या लॉकच्या कडीच्या मध्ये जी फट उरते, ती मोजायची. त्यासाठी ते गेज, पातळ पात्यांचा जुडगा, प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली. फट कमी राहिली तर चकत्या सुटतच नाहीत, घासत राहतात आणि जळतात. जास्त राहिली तर उशिरा धरतात, घसरतात. मिस्त्रींचं सगळं आयुष्य त्या फटीत गेलं असं म्हटलं तरी चालेल.

माप घ्यायच्या आधी ते साबणानं हात धूत. कोपरापर्यंत, डॉक्टरसारखे. चकत्या आणि गेज आदल्या दिवशीपासून एकाच खोलीत ठेवत, दोन्ही सारखे थंड व्हावेत म्हणून. एकाच जागी मोजून त्यांचं समाधान होत नसे. डब्याच्या गोलावर तीन जागी मोजायचं, तिन्ही आकडे मोठ्यानं म्हणायचे, मग पाटीवर लिहायचे. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी म्हणायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं मंत्र चालू आहे.

आणि त्यांच्यासमोर 'अंदाजे' हा शब्द काढायचा नाही. एकदा गॅरेजच्या मालकानं सहज विचारलं, "मिस्त्री, अंदाजे कदी होईन गाडी?"

"अंदाजे तुमी जनमले होते काय?" मिस्त्री खाली मान घालूनच बोलले.

मालक हसला. तेव्हा हसायचा. मिस्त्रींमुळे गॅरेजला नाव होतं, दूरदूरच्या गाड्या यायच्या.

लोक म्हणायचे, म्हातारा गाडीच्या बाहेरही मोजतच राहतो. खरंच राहायचा. पण कशासाठी, ते कोणी सांगत नाही. एका वर्षी साळ्याचं सोयाबीन घेऊन ते बाजार समितीत गेले. व्यापाऱ्यानं पोत्यात हात घातला, दोन दाणे दाढेखाली फोडले आणि म्हणाला, "ओल हाय. चौदा." म्हणजे चौदा टक्के ओलावा, म्हणजे भाव खाली. साळा बिचारा अंगठा टेकायला निघालाच होता.

"थांब बे," मिस्त्री म्हणाले. मग व्यापाऱ्याकडे वळून, "तुमच्या दाढेले आकडे कोरले हायेत काय?"

"काका, तीस वर्सं झाले धंद्यात."

"मंग हे मशीन कायले ठेवलं टेबलावर? पूजेले? आन् त्याचे सेल काहून काढून ठेवले?"

ते पोत्यावर चढून बसले. मशीनमध्ये सेल पडेपर्यंत उतरणार नाही म्हणाले. लिलाव थांबला, मागे गाड्यांची रांग लागली, लोक ओरडायला लागले, आणि ओरडले कोणावर? व्यापाऱ्यावर नाही. मिस्त्रींवर. ज्यांच्या स्वतःच्या पोत्यांमध्ये तेच हात आणि तीच दाढ जाणार होती तेच लोक म्हणत होते, ए म्हाताऱ्या, उतर, आमाले घरी जाचं हाय. शेवटी कोणीतरी सेल आणले. मशीननं अकरा दाखवले. व्यापारी खांदे उडवून म्हणाला, "होते कदी कदी." बस्स. आणि गावात गोष्ट काय पसरली? म्हातारा पोत्यावर चढून बसला होता. अकरा आणि चौदाचं कोणाच्या तोंडात नाही.

आता मॅडमचं सांगतो.

मॅडम म्हणजे रिसोड तालुक्यात गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर. लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला आधाराच्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे कॅलिपर. क्लच दाबणं त्या पायाला शक्य नाही, म्हणून त्यांनी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. कोणाची म्हैस अडली की या बाई ती गाडी काढून शेतातल्या रस्त्यानं जात. त्यांच्या आधीचे डॉक्टर, दोन्ही पाय धड असलेले, म्हैस दवाखान्यात आणा म्हणायचे.

त्यांची गाडी आमच्याकडे आली तेव्हा तिची पेटी एकदा शहरातल्या काचेच्या दुकानासारख्या वर्कशॉपमध्ये नवी बांधून झालेली होती. चार महिन्यांत जळाली. मिस्त्रींनी पेटी उघडली, जळक्या तेलाचा वास माझ्या दुकानापर्यंत आला. त्यांनी चकत्या काढल्या, एक जास्तीची लोखंडी चकती निघाली. फट जवळजवळ शून्य.

"मोजलंच नाई," मिस्त्री म्हणाले. मग भिंतीवरून माझ्याकडे पाहून पुन्हा, "मोजलंच नाई बे यायनं!"

मला वाटलं चार शिव्या देतील आणि कामाला लागतील. त्यांनी जळक्या चकत्या पिशवीत भरल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं शहरात गेले. त्या वर्कशॉपच्या गार हॉलमध्ये त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर चकत्या मांडल्या आणि बसलेल्या पोरीला विचारलं, "याच्यात फट किती ठेवली होती? मले निस्ता आकडा सांगा."

तिनं साहेबाला बोलावलं. साहेब म्हणाला, वॉरंटी संपली. मिस्त्री म्हणाले, वॉरंटी मागून नाई राह्यलो, आकडा मागून राह्यलो. साहेबानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. बिल होतं, गाडीचा नंबर होता, गाडी धुतल्याची नोंदसुद्धा होती. फटीचा आकडा नव्हता. मिस्त्री दुपारपर्यंत तिथं बसले. त्यांना दोनदा कॉफी दिली, ती प्यायली नाही. शेवटी मागच्या दारानं एक वयस्क मेकॅनिक आला आणि हळूच म्हणाला, "काका, मोजायला वेळच देत नाहीत. दिवसाचा कोटा ठरलेला आहे. तुम्ही जा."

परत आल्यावर हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला. "त्याले मोजता येत होतं," म्हणाले. "येत होतं त्याले. मोजू देत नाईत."

मग मॅडमच्या पेटीचं काम सुरू झालं. नव्या चकत्या मागवल्या. पण एका डब्यासाठी हव्या तेवढ्या जाडीची लोखंडी चकती कुठेच मिळेना. एक पातळ होती, तिनं फट जास्त होत होती. मिस्त्रींनी भंगारातल्या दुसऱ्या पेटीतून एक जाड चकती शोधली आणि ती माझ्याकडे आणली. माझ्याकडे हेड घासायचं ग्राइंडर आहे, त्यावर ती घासून हव्या जाडीची करायची. दोनदा घासली. दोनदा मोजली. तिसऱ्यांदा मोजून म्हणाले, "अर्धा मिलिमीटर फट येऊन राह्यली. पाऊण पायजे. अजून पाव उतरव. सावकाश. घाई केली त वाकडी होईन. म्या दोन दिसानं येतो, मंग मोजू."

धनजला त्यांच्या साडूच्या मुलीचं लग्न होतं. जाताना डब्यावर चिठ्ठी चिकटवून गेले. '०.५० आहे. ०.७५ पाहिजे. चकत्या भिजवणे बाकी. हात लावू नये.' अस्तराच्या नव्या चकत्या बांधायच्या आधी तेलात भिजवाव्या लागतात, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच दाबाला करपतात. हे त्यांनी गॅरेजातल्या दुसऱ्या फिटरला दहा वेळा सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मालक माझ्याकडे आला. माझ्या ग्राइंडरवर तेव्हा एका ट्रॅक्टरचा हेड बांधलेला होता. मॅडमची चकती बाजूला कपड्यावर, तशीच.

"झाली काय ते?"

"नाई. हे हेड उतरलं की घेतो."

"दे मंग तशीच. मॅडमचं लसीकरण हाय सोमवारपासून, दोनदा फोन आला. गाडी आज गेली पायजे."

"मिस्त्री म्हनत होते पाव मिलिमीटर..."

"पाव मिलिमीटरनं काय होते? नखाएवढं बी नाई ते. तू बी त्याच्यासारका होऊन राह्यला काय?"

त्याच्या खिशातून चिठ्ठीचा कोपरा बाहेर आला होता. मिस्त्रींचं अक्षर मला दिसलं. मी चकती उचलली आणि त्याच्या हातात दिली. कोणी माझा हात पिरगाळला नव्हता. तू बी त्याच्यासारका, एवढंच तो म्हणाला होता. तेवढ्यानं मी दिली.

फिटरनं संध्याकाळपर्यंत पेटी बंद केली. चकत्या कोरड्याच.

लग्नाहून आले ते मिस्त्री सरळ गॅरेजात. गाडीची जागा रिकामी पाहून माझ्या दुकानात आले.

"प्लेट?"

"गेली."

"उतरवली होती?"

मी ग्राइंडरकडे पाहत राहिलो. त्यांना समजलं. मालकाकडे मॅडमचा नंबर मागितला, मालकानं दिला नाही. "चालून राह्यली ना गाडी मस्त, कायले बिघाडता?" तसेच ते स्टँडवर गेले, रिसोडची गाडी पकडली आणि दवाखान्यात पोचले. मॅडम गावांमध्ये लसीकरणाला गेलेल्या. मिस्त्रींनी शिपायाजवळ कागद ठेवला, 'गाडी चालवू नये.' शिपायानं तो वाचला, त्या तेलकट माणसाकडे पाहिलं, आणि कागद वजनाखाली ठेवून दिला. मॅडमपर्यंत तो पोचला तेव्हा उशीर झाला होता.

गाडी रिठदच्या अलीकडे, शेतरस्त्यावर बंद पडली. इंजिन ओरडत होतं आणि चाकं हलत नव्हती. मे महिन्याची दुपार, फोनला रेंज नाही. गाडीत बर्फाच्या डब्यात लस. गाडीत ठेवली तर खराब होणार. मॅडम डबा खांद्याला लावून कॅलिपरच्या पायानं चालत निघाल्या. ढेकळांच्या रस्त्यानं. दोनदा पडल्या. मोटरसायकलवरचा एक जण भेटेपर्यंत त्यांच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, आणि त्याला त्यांनी पहिलं काय सांगितलं असेल, तर आधी डबा घे.

चौथ्या दिवशी त्या कोणाच्यातरी जीपनं गॅरेजात आल्या. गुडघ्याला पट्टी. आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "काय झालं होतं?"

मालक लगेच पुढे झाला. खुर्ची पुसली, पाणी मागवलं. म्हणाला, "मॅडम, आता काय सांगू. आमचे मिस्त्री म्हातारे झाले. डोये गेले त्यायचे. माप चुकलं."

मिस्त्री तिथंच उभे होते, हातभर अंतरावर. फिटर होता. चार गिऱ्हाइकं होती. भिंतीच्या या बाजूला मी होतो. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही पाहिलं. नुसतं पाहिलं, आता तू बोलशीलच, असं.

मी लेथ चालू केला.

त्या लेथच्या आवाजातूनही मला ते ऐकू आलं. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, माप चुकलं नाई. माप घेतलंच नाई. चुकाले आधी घ्या लागते."

"मिस्त्री!" मालक ओरडला.

"प्लेट घासाची बाकी होती, चकत्या भिजवाच्या बाकी होत्या. गाडी द्याले नाई पायजे होती, दिली. मी इथं नव्हतो, पन काम माह्यं होतं. तुमी पडल्या, त्याची माफी मी मांगतो."

मालकानं त्यांना तिथल्या तिथं उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. गिऱ्हाइकासमोर गॅरेजची अब्रू काढली म्हणे! ज्यानं खोटं सांगितलं त्याची अब्रू शाबूत, आणि ज्यानं खरं सांगितलं त्यानं ती काढली. मिस्त्रींनी स्वतःचं गेज घेतलं, मापाचं डायल घेतलं, साबणाची वडीसुद्धा घेतली आणि गेले. पुढे कितीतरी महिने चहाच्या टपरीवर मी ऐकत होतो, "थो माप चुकलेला मिस्त्री." मी चहा प्यायचो, पैसे द्यायचो आणि उठायचो.

मॅडमनी गाडी ओढून नेली ती मात्र मिस्त्रींच्या घरी. स्टँडच्या मागे दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात कडुलिंब. मालकाला त्यांनी एवढंच सांगितलं, "ज्यांनी मला खरं सांगितलं त्यांच्याच हातात देईन." कडुलिंबाखाली मिस्त्रींच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, अंगण सारवून दिलं, धूळ उडू नये म्हणून वर जुनं लुगडं बांधलं. तिसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत मी गेलो. नवी चकती घासून नेली होती.

मिस्त्रींनी चकती घेतली नाही. साबणाकडे बोट केलं. मी हात धुतले. त्यांनी चकत्या रचल्या, लॉक बसवलं आणि गेज माझ्या हातात दिलं.

"मोज."

पातं आत सरकलं. ओढताना बोटांना किंचित धरल्यासारखं वाटलं, लोण्यातून दोरा ओढावा तसं. "पॉइंट सत्तर सरकते. पंच्याहत्तर धरते. ऐंशी जात नाई."

"दुसरी जागा."

"पंच्याहत्तर."

"तिसरी."

"पंच्याहत्तर."

"लिही पाटीवर."

मी लिहिलं. काकूंनी चहा दिला. त्या गोष्टीवर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मला वाटलं, माफी मिळाली. सोपं असतं असं वाटून घेणं. त्यानंतर ते घरीच काम करायचे, मॅडमच्या ओळखीनं चार-दोन गाड्या यायच्या, मी चकत्या घासून द्यायचो. मॅडमची गाडी आजही त्याच शेतरस्त्यांनी जाते. पण गावात ते माप चुकलेलेच राहिले. त्यांनी मला कधी म्हटलं नाही की जाऊन सांग. आणि मी कधी गेलो नाही.

या वर्षी ते वारले. छातीत दुखलं, वाशीमला नेईपर्यंत संपलं.

मेकॅनिक लोकांनी श्रद्धांजलीची सभा ठेवली. कुठे? मालकाच्याच गॅरेजात, कारण जागा मोठी. खुर्च्यांवर सगळा रस्ता बसला होता. काकू पुढे, त्यांच्याशेजारी मॅडम. फोटोला हार. आणि मालक माईक घेऊन उभा राहिला. म्हणाला, आमचे मिस्त्री म्हंजे या गॅरेजचा कना होते. शिस्त काय असते ते आमी त्यायच्यापासून शिकलो. मी त्याईले कदी नोकर समजलोच नाई, वडील समजलो.

मी उठलो. माईक नव्हता माझ्याकडे, पण लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला माईक लागत नाही.

"वडलाले हाकलून देतेत काय मालक?"

सगळ्या माना वळल्या.

"मॅडमच्या गाडीचं माप मिस्त्रीचं चुकलं नव्हतं. ते गावाले गेले होते. त्यायची चिठ्ठी तुमी खिशात घातली. प्लेट घासाची बाकी होती, ते मले मालूम होतं, आन् म्या ते तुमच्या हातात देली. या हातानं. तुमी त्यायच्यावर ढकललं तवा म्या लेथ चालू केला, ऐकू येऊ नये म्हनून."

फिटर खाली पाहत होता. मागून कोणीतरी म्हणालं, "भाऊ, मेल्या मान्साच्या सभेत भांडन नोको."

"मंग कोठी करू? सांगा! जित्ता होता तवा तुमी टपरीवर त्याले हसले. मी बी तथीच बसलो होतो."

मालकानं माईक खुर्चीवर ठेवला आणि आतल्या खोलीत गेला. सभा तशीच विस्कटली. लोक माझ्या बाजूनं जाताना मला वाट देत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटत होतं. छाती थोडी पुढे आली होती. एकानं खांद्यावर हातही ठेवला. मॅडम मात्र माझ्याकडे न बघता गाडी काढायला गेल्या.

काकू दारात चपला घालत होत्या. मी त्यांच्या पायाशी वाकलो. त्यांनी मला उठवलं. डोळे कोरडे होते. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं.

"चांगलं बोलला बाबू," त्या म्हणाल्या. "पन तू लिंबाखाली चहा पेत होता ना एवढे दिस, थे बाजीवर बसून राहेत. तवा बोलला असता त त्यायले ऐकू गेलं असतं."

पदर सावरून त्या पायऱ्या उतरल्या आणि मॅडमच्या गाडीत जाऊन बसल्या.